शेकरूची सडक वर असते

झाड तुटलं, पण खाली आलं नाही. शेंडा वरच्या वर वेलीत अडकला, बुंधा खुंटावरून निसटून मागे उसळला आणि माझ्या मुलाच्या उजव्या पायावर येऊन बसला. शमुवेल उताणा पडला होता. ओरडला नाही. तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. वर एक शेकरू मात्र जीव खाऊन ओरडत होतं.

मुकादम म्हणाला, "वेल तोडा. वेल तुटली की झाड मोकळं होईल."

योहान कुऱ्हाड घेऊन वेलीकडे निघाला. योहान आमच्याच आळीतला, शमुवेलच्या टोळीतला. मी त्याच्या आधी वेलीपाशी पोचले आणि तिला पाठ लावून उभी राहिले.

"योहान, आधी माझ्या मानेला लाव कुऱ्हाड," मी म्हणाले. "मग वेलीला."

"मावशे, सरक. त्याचा पाय चाललाय."

"वेल तोडलीस तर अख्खं झाड त्याच्या छातीवर येईल. वर बघ एकदा. कुणीच वर बघत न्हाई."

तेव्हा त्याने वर पाहिलं.

हे झाड असं अधांतरी का राहिलं आणि मिरजगावची म्हातारी त्या रानात काय करत होती, ते क्रमाने सांगते. मी चौथी शिकलेली बाई आहे, तीही मिशनच्या शाळेत छडी खाऊन. सजवून सांगता येत नाही.

मिरजगाव

लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशावर चालत होत्या, आणि कोळशासाठी रानं तुटत होती. आमच्याकडे त्या वर्षी पाऊस नव्हता आणि विहिरी खणायचं कामही नव्हतं. विहिरी खणणं हा आमच्या आळीचा पिढ्यांचा धंदा. एक मुकादम आला. तो वेशीत थांबला नाही, चावडीवर गेला नाही, सरळ ख्रिस्ती आळीत आला आणि म्हणाला, मला तुमचीच माणसं पाहिजेत. शमुवेल टोळीचा म्होरक्या झाला. तीसेक वर्षांचा गडी, हाताला काम नाही, तो जाणारच.

आमचीच माणसं का पाहिजेत, हे मला महिन्याने बाजारात कळलं. नगरहून आलेला एक कासार सांगत होता, की अकोल्याच्या पश्चिमेला डोंगरात देवाचं राखलेलं रान आहे. तिथले लोक त्यातली वाळकी काडीसुद्धा उचलत नाहीत, मग कुऱ्हाड कोण लावणार? म्हणून ठेकेदाराने ख्रिस्ती लोक नेले. त्यांना त्या देवाचं भय नाही.

माझं डोकं फिरलं. आमच्या आजाने धर्म बदलला तो माणूस म्हणून वागवतील म्हणून. दुसऱ्याच्या देवाचं रान तोडायला आमचा धर्म कुऱ्हाडीसारखा वापरायचा, हे कुणी सांगितलं होतं? मी सुनेला म्हणाले, मी जाऊन त्याला घेऊन येते. आळीतले म्हणाले, या वयात कुठे जातेस. मी म्हणाले, मरायचं तर इथेही मरता येतं, पण इथे बघायला काही नाही.

नगर ते राजूर

मोटारीच्या मागे उभी भट्टी बसवलेली. क्लीनर सकाळपासून तिचा पंखा फिरवत बसलेला, तोंड काळं, दात तेवढे पांढरे. संगमनेरच्या पुढे चढ आला की मोटार दमायची, आणि सगळे उतरून चालायचे. एका चढाला तर ढकलावी लागली. एक वाणी उतरायला तयार नव्हता, तेव्हा मी त्याला विचारलं, "भाऊ, तुमी वज्जन हाय का माणूस?" उतरला.

क्लीनर भट्टीत कोळसा टाकत होता. मी विचारलं, कुठला कोळसा?

"राजूरकडच्या रानातला, आज्जे. एक नंबर. बाभळीचा असा जळत न्हाई."

म्हणजे जे रान बघायला मी चालले होते, तेच पाठीमागे जाळत मोटार मला तिकडे नेत होती. मला हसू आलं. क्लीनरला वाटलं, म्हातारी खुळी आहे.

राजूरच्या पुढे पायवाट. वाडीचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांनी लिहू नको म्हणून सांगितलं आहे.

वाडी

आमच्याकडे झाड म्हणजे एक बाभूळ इकडे, एक लिंब तिकडे. प्रत्येकाची सावली वेगळी, प्रत्येकाचा धनी ठाऊक. इथे झाडं मोजायची सोयच नव्हती. खालचा उतार तोडून झाला होता. खुंटांमधून भट्ट्यांचा धूर येत होता आणि राखेत पाय भाजत होते. त्याच्यावरच्या बाजूला राखलेलं रान सुरू व्हायचं. आत गेलं की भर चैत्रात अंगावर गारवा यायचा. ऊन खाली पोचतच नव्हतं. एक ओबडधोबड दगड, त्याला शेंदूर. हाच तो देव. भिंत नाही, छप्पर नाही. मनात म्हटलं, एवढ्यासाठी एवढं रान?

शमुवेल मला बघून खूश झाला नाही. "आई, तू कशाला आलीस? लोक हसतील."

"हसू दे. चल घरी."

"काम अर्धं टाकून आलो तर टोळीत माझं तोंड काय राहील? वरचं रान तुटलं की येतो."

"वरचं रान तोडू नको."

"तूबी त्या दगडाला भ्यायलीस का?"

मी गाठोडं उचललं आणि निजायला जागा शोधू लागले.

टोळीच्या झोपडीत बाईमाणसाला जागा नव्हती. ठमाबाई नावाच्या एका विधवेने मला घरात घेतलं. महादेव कोळ्यांतली बाई, माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा जास्त बोलणारी. पहिल्याच दिवशी तोंडावर म्हणाली, "तुझ्या पोरानं आमचा देव उघडा पाडाय घेतलाय, आन तुला मी भाकर घालतेय. बघ, माझ्यासारखी येडी हाय का कुनी."

"मग घालू नको," मी म्हणाले.

"घालीन. माझं घर हाय."

भाकरी नागलीची, म्हणजे नाचणीची, काळी, बोटाने मोडली की मऊ. बाजरीची सवय असलेल्या तोंडाला ती मातीसारखी लागली. तसं मी सांगितलं. ती म्हणाली, बाजरी तिला कोंबड्यांचं खाणं वाटतं. आमचं जमलं. सोबत कैरीचा ठेचा आणि ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा. रस्सा मी परत मागून घेतला.

शेकरू

ठमाबाई सकाळी रानाच्या कडेला बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करायला जायची. मला काम नव्हतं, मीही जायची. तिथे मी ते जनावर पाहिलं.

आधी आवाज आला. कुणी लाकडावर लाकूड भरभर आपटावं तसा. मी वर पाहिलं, तर एका जांभळीवर मांजराएवढी खार. आमच्याकडची खार मुठीत मावते, पाठीवर पट्टे असतात आणि ती शेंगदाणे चोरते. ही खार वेगळीच. पाठ विटेसारखी तांबडी, पोट पिवळट पांढरं, आणि शेपूट तिच्या अंगापेक्षा लांब, झाडणीसारखी झुपकेदार. मागच्या पायांनी फांदीला उलटी लटकली, दोन्ही हातांत कुठून तरी आणलेलं उंबर धरलं आणि आमच्याकडे बघत खात बसली. भ्याली नाही.

"शेकरू," ठमाबाई म्हणाली. "हिरड्यात आमचा वाटेकरी हाय. आमी खालून येचतो, त्ये वरून."

मला त्याचं वेड लागलं म्हणणार नाही. दुसरं बघायला काही नव्हतं, म्हणून बघत बसले. दुपारी ते फांदीवर पोट टेकून चारी पाय लोंबते सोडून झोपायचं, दारू पिऊन पडलेल्या माणसासारखं. काड्यापानांची गोल घरटी केलेली, एक नाही, चारपाच, वेगवेगळ्या झाडांवर, अगदी शेवटच्या बारीक फांदीत. एवढी घरं कशाला, असं विचारलं तर ठमाबाई म्हणाली, एकात पोरं, बाकीची निजायला आणि पळायला. जांभळीवरच्या घरट्यात पोरं होती. दोन डोकी मी स्वतः पाहिली.

एक गोष्ट मात्र मला कळेना. ते जमिनीवर कधी उतरायचं नाही. आमची खार दिवसभर अंगणात असते. मी विचारलं.

"त्याला खालची वाट न्हाई," ठमाबाई म्हणाली. "त्याची सडक वर हाय."

मग मी सडक शोधली. जांभळीवरून ते रोज शेजारच्या बेहड्याच्या झाडावर जायचं. मध्ये मोठं अंतर, पण उडी मारायचं नाही. चालत जायचं. कशावरून चालतं ते पाहायला मी मान मोडून उभी राहिले, आणि तेव्हा वेल दिसली. गारंबी म्हणतात तिला. माणसाच्या मांडीएवढी जाड, दोराला पीळ घालावा तशी. बेहड्याच्या बुडातून निघून वर गेलेली, तिथून जांभळीला दोनतीन वेढे घालून पुढच्या झाडांवर. शेंगा हाताएवढ्या लांब. पानांत अशी लपलेली, की शेकरू चाललं नसतं तर मला दिसलीच नसती.

ती झाडं सुटी नव्हतीच. एकाला दुसऱ्याने धरलं होतं.

आमच्याकडे झाड तोडणारा बुंधा बघतो. कुठे कलतंय, खाच कोणत्या अंगाला पाडायची, पळायचं कुठे. वर बघायची गरज नसते, कारण बाभूळ एकटी असते. शमुवेल तसाच शिकला होता. मी एकदम भ्याले. हे देवाचं भय नव्हतं. हे साधं भय होतं.

त्याच दिवशी मी त्याला सांगितलं, "ती जांभूळ बांधलेली हाय. तोडलीस तर ती जिकडं म्हणशील तिकडं पडायची न्हाई."

टोळी हसली. योहान म्हणाला, "मावशीला आता झाडं बोलायला लागली."

"आई," शमुवेल म्हणाला, "मी किती झाडं पाडली?"

"बाभळी पाडल्यास."

तो रागावून गेला.

जांभळीखाली

दुसऱ्या दिवशी ते जांभूळ तोडायला आले, तेव्हा मी बुडाशी टेकून बसले होते. बरोबर भाकरी, पाण्याचा तांब्या आणि ठमाबाईचं घोंगडं. मुकादम आला. अंगात कोट, पायांत बूट, बोलणं गोड.

"आजी, तुम्ही ख्रिस्ती ना? मग हिंदूंची देवराई राखता काय?"

"मी देव राखत न्हाई," मी म्हणाले. "मी पोरगा राखते."

"पोरगा मोठा आहे."

"म्हणून तर जास्त राखावा लागतो. ल्हान होता तवा ऐकत हुता."

टोळीतले एकदोघे हसले. शमुवेलचं तोंड लाल झालं. त्याने मला हात धरून उठवलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगते. त्या दिवशी त्यांनी दुसरीकडची झाडं तोडली. संध्याकाळी वाडीतले चार पुरुष आले आणि मला म्हणाले, बाई, तू आमच्या देवासाठी बसलीस, देव तुझं बघेल. मी म्हणाले, तुमच्या देवासाठी मी बसले नाही, आणि तुम्ही चौघे इथे माझ्या शेजारी बसला असतात तर बरं झालं असतं. ते निघून गेले. ठमाबाई घरी येईपर्यंत हसत होती.

मुकादम हुशार होता. पुढच्या सकाळी त्याने टोळीला फटफटायच्या आत कामाला लावलं. मी चुलीपाशी असताना कुऱ्हाडीचे आवाज ऐकले आणि कुठून येतात ते लगेच कळलं. मी पळाले. या वयात बाई पळते ती कशी दिसते, ते दिसू दे. ठमाबाई मागून कुदळ घेऊन आली. कुदळ का घेतली, तिलाही माहीत नव्हतं.

मी पोचले आणि झाड तुटलं.

खणणं

योहानने वर पाहिलं, हे मी सांगितलं आहे. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. मुकादम ओरडतच होता. ठमाबाई त्याला म्हणाली, "तू गप ऱ्हा. तुझा कुनी खाली न्हाई."

आता टोळीतले गडी बुंधा उचलायला धावले. मी त्यांनाही थांबवलं. बुंधा हलला असता तर वेल ताणली असती, आणि मग वेलीने काय केलं असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"विहिरीत दरड पडली आन माणूस अडकला, तर काय करता?" मी विचारलं.

योहान म्हणाला, "बाजूनं माती काढतो. टेकू देतो."

"मग झाडाला कशाला हात लावता? जमीन काढा."

एवढं सांगितल्यावर मला काही बोलावं लागलं नाही. झाडं तोडायला त्यांना येत नव्हतं, हे त्या रानाने दाखवलं होतं. पण खणणं त्यांच्या आज्यापणज्याचं. दोघांनी खाली पडलेल्या ओंडक्यांचे ठोकळे केले आणि बुंध्याच्या दोन्ही अंगांनी पाचरी बसवल्या, ठोकून नव्हे, दाबून. योहान कुशीवर आडवा झाला आणि ठमाबाईच्या कुदळीने पायाखालची माती ओरबाडू लागला. दगड लागला की कुदळ सोडून बोटांनी. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी शमुवेलचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तो म्हणाला, "आई, तू सांगितलं हुतं." मी म्हणाले, "आता बोलू नको, धूळ जाईल तोंडात."

वर बघायचं मी ठरवलं नव्हतं, पण बघितलं. कललेल्या शेंड्यातलं घरटं फाटलं होतं. एक पिल्लू खाली पडून मेलं होतं, माझ्या पायापासून हातभर अंतरावर. शेकरीण घरट्यात शिरली, दुसरं पिल्लू तोंडात धरून बाहेर आली आणि गारंबीवरून बेहड्याकडे चालू लागली. वेल ताणून काठीसारखी झाली होती आणि थरथरत होती. शेकरीण मध्ये थांबली. तोंडातलं पिल्लू तिच्या गळ्याभोवती चिकटलं होतं. मग गेली. बेहड्यावर तिचं दुसरं घरटं होतं, त्यात शिरली. योहानने माती काढता काढता ते पाहिलं. टोळीतल्या सगळ्यांनी पाहिलं.

माती इतकी निघाली, की पाय खाली सरकला. मी काखेत हात घालून ओढलं, दोघांनी कमरेला धरलं, आणि तो बाहेर आला. बुंधा पाचरींवर तसाच राहिला.

मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजी, देवाचा कोप झाला असं कुठे बोलू नका. माणसं पळून जातील." वाडीतला भगत आला आणि म्हणाला, "बाई, कोप झाला असं चार लोकांत सांग. म्हणजे परत कुनी हात लावायचा न्हाई." मी दोघांनाही एकच सांगितलं. कोप नाही. वेल होती. वर बघितलं असतं तर दिसली असती.

दोघांनाही ते आवडलं नाही.

परत

वाडीच्या माणसांनी घोंगड्याची झोळी करून शमुवेलला राजूरपर्यंत आणलं. ज्यांचं रान तो तोडत होता, त्यांनीच खांदा दिला. एकाने वाटेत विचारलं, "लई जड हाय गडी, काय खातो?" शमुवेल म्हणाला, "तुमची नागली." तेवढंच बोलला. मग तीच कोळशाची मोटार. चढाला सगळे उतरले, शमुवेल तेवढा आत राहिला. नगरच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर माणूस राहिला नसता.

पावसाळा सरल्यावर मी एकटीच पुन्हा वाडीला गेले. ठमाबाईचं घोंगडं माझ्याकडे राहिलं होतं. टोळी त्या दिवसापासून वरच्या रानात गेलीच नव्हती. मुकादमाने दुसरी माणसं आणली, तर योहानने घरी परतायच्या आधी त्यांना वेल दाखवली होती. ती माणसंही निघून गेली. पुढे काय होईल, सांगता येत नाही. खालचा उतार तर गेलाच. जांभूळ वेलीत तशीच लटकलेली होती, पानं झडलेली.

वाडीने देवाला कोंबडा दिला होता, आणि मी पोचले त्या दिवशी पंगत होती. ठमाबाईने माझ्यापुढे ताट ठेवलं. "खाशील का, का बाटशील?"

मी खाल्लं. घरी आल्यावर आळीतल्या वडीलधाऱ्यांनी मला बोलावून विचारलं, की साराबाई, तुम्ही मूर्तीपुढचं खाल्लं हे खरं का? मी म्हणाले, कोंबडा खाल्ला, मीठ कमी होतं. तुम्ही ज्या दिवशी मुकादमाला आळीत बसवून चहा पाजलात, त्या दिवशी धर्म आठवायचा होता.

काही जण अजून म्हणतात, त्या देवाने मारलं. काही म्हणतात, आमच्या देवाने वाचवलं. मी तिथे होते. शमुवेल वाचला, एका पायाने आता विहिरीच्या काठावर बसून दुसऱ्यांचं खणणं बघतो आणि त्यांना वर बघायला सांगतो. शेकरीण वाचली. तिचं एक पिल्लू वाचलं.